बी विंगमधला स्ट्रायकर

समोरच्या फ्लॅटमध्ये स्कॉटलंडचा फुटबॉलपटू राहायला आला, तेव्हा मला निवृत्त होऊन वर्षाच्या वर झालं होतं आणि मी ते कोणाला सांगत नव्हतो. कोणी विचारलंच तर ‘सध्या घरीच असतो’ एवढं म्हणून विषय बदलायचो. तुर्भ्याच्या कंपनीत आयुष्य काढलं, शेवटी खरेदी विभागाचा प्रमुख होतो. निरोपसमारंभात मिळालेली शाल आणि नारळ मी त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकले होते. बायकोने नारळ फोडायला मागितला तर तिच्यावर खेकसलो, “राहू दे तो वर. इतक्यात काही म्हातारा झालेलो नाही मी.” त्यानंतर तिने विषय काढला नाही. मी मात्र रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठेही न जाता बसून राहायचो.

तो फ्लॅट कुठल्याशा क्लबने भाड्याने घेतला होता. क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रमी आणि बॅडमिंटन आलं. प्रत्यक्षात आला तो एक उंच, लालबुंद, पस्तिशीला टेकलेला माणूस. दोन बॅगा आणि बुटांची एक पिशवी, एवढाच त्याचा संसार. त्याने हात पुढे केला आणि काहीतरी लांबलचक बोलला. मी ‘येस, येस’ म्हणालो. नोकरीभर मी परदेशी कंपन्यांशी इंग्रजीत व्यवहार केला, पण याच्या बोलण्यातला एक शब्द कळला असेल तर शपथ. पुढचा आठवडाभर मी सगळ्याला येस म्हणत होतो. त्यात एकदा त्याची वॉशिंग मशीन दुरुस्त करून द्यायचंही कबूल करून बसलो.

बायकोचं इंग्रजी जेमतेम. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोलायची. “अरे, जेवलास का? थांब, आमटी देते.” आणि त्याला ते कळायचं. वाटी घेऊन तो हसत जायचा आणि धुऊन परत आणून द्यायचा. आम्हाला आंटी-अंकल म्हणायलाही त्याला तिनेच शिकवलं. या सगळ्याचा मला राग यायचा, का ते सांगता येणार नाही.

हळूहळू माझ्या कानाला त्याच्या बोलण्याची सवय झाली आणि संध्याकाळच्या चहाला त्याची हकिकत तुकड्या-तुकड्यांनी कळत गेली. वडील पोलादाच्या कारखान्यात. हा शाळेत असतानाच कारखाना बंद पडला. वडिलांकडे वेळच वेळ, म्हणून ते याला रोज मैदानावर न्यायचे. सोळाव्या वर्षी एका मोठ्या क्लबने याला उचललं, विशी गाठायच्या आत सोडून दिलं. मग लहान लहान क्लब. मग एक हंगाम असा आला की पायाला कसाही लागला तरी बॉल गोलात जायचा. त्या एका हंगामावर तो पुढे कितीतरी वर्षं जगला. मग गुडघ्याचं ऑपरेशन, पुन्हा त्याच गुडघ्याचं ऑपरेशन, इंग्लंडमधले खालच्या पायरीवरचे क्लब, सायप्रस, ऑस्ट्रेलिया आणि शेवटी सानपाडा.

“देशाकडून खेळलात का?” मी विचारलं. आपल्याकडे खेळाडूला हेच विचारतात.

“एकदा,” तो म्हणाला.

शेवटची काही मिनिटं उरली असताना त्याला मैदानात पाठवलं होतं. तो धावला, हात वर करून बॉल मागितला, पुन्हा धावला. सामना संपला. त्याच्या पायाला बॉल लागलाच नाही. ती जर्सी वडिलांनी काचेच्या फ्रेममध्ये लावली आहे, दारातून आत गेल्यावर समोरच.

मी गोंधळलो. “मग तुम्ही खेळलात असं धरायचं की नाही?”

त्याने कपातला उरलेला चहा संपवला. “धरतात,” म्हणाला.

एकदा त्याने आम्हाला सामन्याचे पास दिले. बायको ‘मला त्यातलं काय कळणार’ म्हणून आली नाही. मलाही कळलं नाही. याला कामावर घेतलं होतं गोल करायला, त्या जागेला स्ट्रायकर म्हणतात एवढं मी वाचून गेलो होतो. पण हा सगळा वेळ बॉल नसलेल्या बाजूला धावत होता. आमच्या कंपनीत असा माणूस असता तर मी त्याला मेमो दिला असता. एकदा बॉल याच्याकडे आला, याने मारला, आत गेला, मी उभा राहून ओरडलो, तर पंचाने ‘ऑफसाइड’ म्हणून तो गोल धरलाच नाही. पुढे दुसऱ्याच एका पोराने गोल केला आणि हा असा आनंदाने नाचला की जणू त्यानेच केला.

दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या डायनिंग टेबलवर वाट्या मांडून समजावलं. ही वाटी मी. या दोन वाट्या माझ्यावर लक्ष ठेवणाऱ्या. मी इकडे पळालो, त्या माझ्यामागे आल्या, मधली जागा रिकामी झाली, तिथून त्या पोराने गोल केला.

“मग गोल कोणाचा?”

“त्याचा.”

“आणि तुझा?”

“मी पळालो.” तो हसला. मला हे पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. बायको मात्र म्हणाली, “म्हणजे मी दिवसभर करते तसंच,” आणि वाट्या उचलून घेऊन गेली.

त्या हंगामात त्याचे गोल फारसे झाले नाहीत. हंगाम संपला, क्लबचा करारही संपला. बाकीचे परदेशी खेळाडू निघून गेले. हा थांबला, कारण वाशीच्या एका फिजिओकडे त्याच्या गुडघ्याचे उपचार चालू होते, आणि त्या गुडघ्यावर सगळं अवलंबून होतं. त्याच्या गावच्या क्लबने त्याला कळवलं होतं की जूनमध्ये ये, डॉक्टर तुझा गुडघा तपासतील, ठीक निघाला तर एक वर्षाचा करार देऊ. गाव लहान, क्लब लहान. पण लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने पहिला सामना तिथेच पाहिला होता. शेवटचं वर्ष तिथे खेळायचं, वडिलांच्या समोर, बस. त्यापुढचं काही त्याने ठरवलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्याने चक्क दोन्ही कान हातांनी झाकून घेतले आणि हसला.

मग आम्ही सकाळी बागेत चालायला जाऊ लागलो. तो मधूनच धावायचा, थांबायचा, गुडघ्यावर हात ठेवायचा. परतताना कोपऱ्यावर पाटी घेऊन बसणारी मासेवाली त्याला निरखून बघायची. एकदा मला म्हणाली, “जावई हाय का तुमचा? पाय दुखतं वाटतं त्याचा. पानी भरलंय गुडघ्यात, बगा.” मी म्हटलं, उपचार चालू आहेत. बायकोनेही ओळखलं होतं. लिफ्ट बंद असली की तो जिना आडवा होऊन उतरायचा, कठडा धरून. “याचा गुडघा माझ्यासारखाच आहे,” ती म्हणाली. “हा कसला खेळतोय आता?” मी तिला गप्प केलं. जूनमध्ये तो पास होणार असं मी ठरवूनच टाकलं होतं.

अशात महाराष्ट्र दिन आला. आमच्या सोसायटीत त्या दिवशी झेंडावंदन, मग सत्यनारायण, मग सत्कार. दहावी पास, बारावी पास, प्रमोशन, नवी नात, आम्ही कशाचाही सत्कार करतो. आदल्या आठवड्यात चेअरमन माझ्याकडे आले.

“फॉरेनर आपल्या बी विंगमध्ये राहतो आणि आपण साधा सत्कार नाय करायचा? बरं दिसत नाय ते.”

“सत्कार कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणजे? रिटायर झालाय ना तो. दुपारचा घरी असतो, सगळे बगतात.”

मी म्हटलं, रिटायर वगैरे झालेला नाही, करार संपलाय, जूनमध्ये दुसरीकडे लागणार आहे. चेअरमननी आवाज खाली आणला. “म्हणजे काढलाय त्याला? मग तर रिटायरच म्हणायला पाहिजे. नायतर वाईट वाटेल त्याला.”

आपल्याकडे ही रीतच आहे. कामाच्या दिवशी दुपारी घरी दिसणारा पुरुष एकतर रिटायर झालेला असतो किंवा त्याची नोकरी गेलेली असते, आणि नोकरी गेली म्हणणं असभ्यपणाचं, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला रिटायर करून टाकायचं. हा रिटायर झालेला नाही, हे मी त्यांना तीन-तीनदा सांगितलं. ते मान डोलावत राहिले आणि जाताना म्हणाले, “तुमी कायपण टेन्शन घेऊ नका.”

महाराष्ट्र दिनाला मंडपात गेलो तर मागे माझाच फ्लेक्स. माझ्या निरोपसमारंभाचा, मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘विश यू अ हॅपी रिटायर्ड लाइफ’. पावसाळ्यात गॅलरीला लावायला उपयोगी पडेल म्हणून बायकोने जपून ठेवला होता आणि चेअरमननी मागितल्यावर काढून दिला होता. माझ्या नावावर कागद चिकटवून त्याचं नाव, माझ्या फोटोवर त्याचा फोटो. पण माझा फोटो मोठा, त्याचा लहान. माझा एक कान बाहेर राहिला होता.

त्याला खुर्चीवर बसवलं. कुंकू लावलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. चेअरमन अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत बोलले, आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आणि पुढच्या आयुष्यातल्या आरामाबद्दल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वळून फ्लेक्स वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी सत्यनारायणाच्या चौरंगाकडे बघू लागलो. वाटलं, हा आता उठून सांगेल की काहीतरी गैरसमज झालाय. तो उठला खरा. नारळ खुर्चीवर ठेवला, अंगावरची शाल काढली, दोन्ही हातांत ताणून डोक्याच्या वर धरली आणि तसाच सावकाश सगळ्या बाजूंनी वळला. काय चाललंय ते कोणालाच कळेना. तरी पुन्हा टाळ्या वाजल्या. नंतर त्याने मला सांगितलं, त्यांच्याकडे स्टेडियममधले लोक आपल्या क्लबचा मफलर असा धरतात.

चार-पाच दिवसांनी बायको म्हणाली, “समोरचा फोन सकाळपासून थांबत नाहीये, जरा बघून या.” मी बेल वाजवली. त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. त्याच्या गावच्या पेपरात फोटो होता, शाल, नारळ, मागे फ्लेक्स. वर मथळा, आपल्या गावच्या स्ट्रायकरने भारतात खेळाला निरोप दिला. खाली शेकडो लोकांचे निरोप, धन्यवाद, त्या एका हंगामाच्या आठवणी. आणि माझा कान. मी सगळ्यात आधी कानच बघितला, आता लाज वाटते. मग त्याने दुसरा मेसेज दाखवला, गावच्या क्लबचा. तुझ्या निर्णयाबद्दल कळलं, मनापासून शुभेच्छा, त्या जागेवर एक तरुण मुलगा घेतला आहे.

मी मोबाइल त्याला परत दिला. काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्या तोंडून फक्त ‘येस, येस’ आलं आणि मी परत फिरलो.

त्यानंतर मी बाहेर पडताना आधी दाराच्या भिंगातून बघायचो, पॅसेजमध्ये तो नाही ना. चेअरमनना गाठून भांडलो. आपण एका माणसाचं शेवटचं वर्ष खाल्लं, मी म्हटलं. ते खरंच गोंधळून गेले. “अहो, पण आपण चांगलंच केलं ना? शाल चांगल्यातली होती.”  घरी येऊन बायकोवर ओरडलो, फ्लेक्स का दिलास? ती म्हणाली, “मागितला म्हणून दिला. मी काय सांगितलं होतं त्यांना, गावभर दाखवा म्हणून?” तेही खरंच होतं. मग प्रश्न पडला, गावभर दाखवला कोणी? सोसायटीच्या ग्रुपवरचा फोटो स्कॉटलंडच्या पेपरात कसा जाईल?

शेवटी मी त्या पेपराला आणि क्लबला इंग्रजीत खुलासा लिहायला घेतला. खरेदी विभागाच्या जुन्या वळणाने, मुद्देसूद. सदर समारंभ गैरसमजातून झाला असून संबंधित खेळाडू निवृत्त नाहीत. तो घेऊन पत्ते विचारायला त्याच्या दारात गेलो. तो बॅग भरत होता. टीव्हीखालच्या टेबलावर बुटांची जोडी, आणि दोन बुटांच्या मधे तो सत्काराचा नारळ.

त्याने माझं पत्र वाचलं. घडी घालून परत दिलं.

“अंकल, फोटो मीच पाठवला. वडिलांना.”

“मागे काय लिहिलंय ते दिसलं नाही?”

“मला वाचता येतं.”

मला काही कळेना. मी सोफ्यावर बसलो. म्हटलं, मग लोकांनी विचारलं तेव्हा ‘नाही’ असं का नाही सांगितलंस? एका शब्दाचं काम होतं. तो म्हणाला, लिहिलं होतं. लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

“म्हणजे तुला सोडायचं होतं?”

“नाही.”

“मग खेळायचं होतं?”

“गुडघा पास झाला नसता. मला थंडीतच कळलं होतं.” तो खाली बसून बुटाची नाडी ओढत होता, उगाचच. “एजंट म्हणायचा, अजून एक वर्ष. फिजिओ म्हणायचा, बघू. वडील तर... त्यांना मी कसं सांगणार? कोणी म्हणतच नव्हतं, अंकल. आणि इथे, ज्यांना ऑफसाइड कळत नाही अशा लोकांनी मला खुर्चीवर बसवलं, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, झालं. त्या दिवशी इथे येऊन मी खूप रडलो. मग आंटीने दिलेला सगळा प्रसाद खाल्ला.”

“आणि वडील?”

“ते म्हणाले, शाल घेऊन ये, फ्रेम करू.”

मला त्याचा प्रचंड राग आला. इतके दिवस मी चोरासारखा भिंगातून बघत होतो म्हणून असेल, किंवा दुसऱ्याच कशामुळे असेल. तोच फ्लेक्स. तीच अक्षरं. मी त्या फ्लेक्ससमोर उभा राहिलो होतो तेव्हा माझ्या मनात शिव्या होत्या, आणि घरी येऊन मी रडलोही नव्हतो, नीट जेवलोही नव्हतो. याने त्याच वाक्यातून सुटका कशी काय करून घेतली? मी पत्राचा बोळा करून खिशात घातला. तो घाबरला असावा, कारण त्याने विषय बदलायला टेबलावरचा नारळ उचलला आणि म्हणाला, “याचं काय करायचं? विमानात नेऊ देतील का?”

नारळ घेऊन आम्ही आमच्या घरी आलो. बायकोने कपाळावर हात मारला. “अरे देवा, अजून ठेवलायस? सत्काराचा नारळ शोकेसमध्ये नसतो ठेवायचा बाळा, खायचा असतो.” त्याला कळलं. मी कोयत्याने नारळ फोडला, खाली पातेलं धरून. पाणी गोड होतं. ते त्याने एका दमात पिऊन टाकलं आणि खोबऱ्याचा तुकडा चावत भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे बघून आनंद वाटावा की वाईट वाटावं, मला ठरवता येईना.

बायको माझ्याकडे बघत होती. “आणि तुमचा?” ती म्हणाली.

मी स्टूल ओढलं. त्याने ते न सांगता धरलं. माळ्यावरून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत शाल, शालीत नारळ. हलवून बघितला तर पाण्याचा आवाज नाही, आत काहीतरी खडखडत होतं. नशीब, सडला नव्हता. वाळून त्याचा गोटा झाला होता.

“हा कोणाचा?” त्याने विचारलं.

“माझा,” मी स्टुलावरूनच म्हणालो. “मी पण रिटायर झालोय.”

हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो, आणि तेही इंग्रजीत. त्याने माझ्याकडे वर बघितलं. मग माझ्या हातातली शाल घेतली, दोन्ही हातांत ताणून डोक्याच्या वर धरली आणि आमच्या अरुंद हॉलमध्ये, दुखरा पाय सांभाळत, सावकाश सगळ्या बाजूंनी वळला.  मी स्टुलावर तसाच उभा होतो, हातात गोटा घेऊन.

बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला, कानाशी हलवला आणि म्हणाली, “इतके दिवस मी बाजारातून सुकं खोबरं आणतेय.”